सापडलेले रंग आणि भरलेले रंग

समजा, तुमच्या प्रयोगवहीच्या एका पानावर पाणी सांडले आणि निरीक्षणांच्या तक्त्यातले चार आकडे पुसले गेले. वही उद्या तपासायला द्यायची आहे. आता काय कराल? एक मार्ग असा, की पान उजेडात तिरपे धरायचे, पेनाच्या टोकाने कागदावर उमटलेल्या खुणा शोधायच्या आणि त्यांवरून आकडे वाचायचे. दुसरा मार्ग सोपा आहे. ‘साधारण एवढेच आले असतील’ असे म्हणून मनाने आकडे लिहायचे आणि मोकळे व्हायचे! दोन्ही वेळी पान पुन्हा भरलेले दिसेल. तपासणाऱ्या सरांना कदाचित फरक कळणारही नाही. पण फरक आहे, आणि तो फार मोठा आहे, हे तुम्हीसुद्धा मान्य कराल.

जुन्या दूरचित्रवाणी मालिकांची दुरुस्ती करणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न रोज उभा असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या विज्ञानकथांच्या मालिका आज घरी पाहण्यासाठी डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे तबकड्यांवर मिळतात. मूळ चित्रे खराब झालेली, काही अर्धवट, काही तर पार नाहीशी झालेली. ती पुन्हा पाहण्याजोगी करणे हे मोठे कौशल्याचे काम आहे. पण कौशल्य कोणत्या दिशेने वापरायचे? जे होते ते परत आणायचे, की जे नव्हते तेही घालायचे? माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. दोन्ही करायला हरकत नाही. मात्र कोणते सापडलेले आणि कोणते भरलेले, हे पाहणाऱ्याला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. आणि भरलेले देताना मूळ कधीही काढून घेता कामा नये. हे मत का, ते एका प्रसिद्ध मालिकेच्या उदाहरणाने पाहू.

मालिका पुसली जाते म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथांची मालिका सुरू केली. तिचा नायक परग्रहावरचा एक प्रवासी. त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. त्याचे कालयान बाहेरून पोलिसांच्या टेलिफोनच्या निळ्या खोक्यासारखे दिसते, पण आत शिरावे तर केवढे तरी मोठे! पहिल्या सहा वर्षांत या मालिकेचे २५३ भाग दाखवले गेले. लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सारे घर ते पाहत असे.

हे भाग दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर टिपले जात. फितीवर लोहाच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण असतात. चित्राचा विद्युतसंकेत चुंबकाला दिला, की त्याच्यापुढून सरकणाऱ्या फितीवरचे कण त्या त्या प्रमाणात चुंबकित होतात. तुमच्या लक्षात येईल, की असे टिपलेले चित्र पुसताही येते. फीत पुन्हा चुंबकापुढून नेली, की जुने चित्र जाते आणि नवे बसते. पाटीवरचे गणित पुसून दुसरे लिहावे तसेच!

त्या काळी ही फीत फार महाग होती आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते हाच तिचा मोठा गुण मानला जाई. घरी बसून कॅसेट पाहण्याची सोय नव्हती. जुने कार्यक्रम किती वेळा पुन्हा दाखवायचे यावर कलाकारांशी झालेल्या करारांची बंधने होती. त्यात १९६९ च्या नोव्हेंबरात बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत झाली. मग कृष्णधवल कार्यक्रम कोण पाहणार? असा विचार करून फिती पुसल्या गेल्या. पहिल्या सहा वर्षांच्या एकाही भागाची मूळ फीत उरली नाही!

मग आज त्यातले भाग पाहायला मिळतात ते कसे? परदेशांतल्या दूरचित्रवाणी केंद्रांना विकण्यासाठी या भागांच्या १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर प्रती काढल्या जात. एका खास सपाट पडद्यावर कार्यक्रम लावायचा आणि पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून त्याचे चित्रण करायचे, अशी ती रीत होती. या प्रतीही १९७० नंतरच्या काळात मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या गेल्या. १९७८ च्या सुमारास हा प्रकार थांबला. तोवर बरेच नुकसान होऊन गेले होते. त्यानंतर शोधाशोध सुरू झाली. १९९१ मध्ये हाँगकाँगमध्ये एका कथेचे चारही भाग मिळाले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जॉस या गावच्या दूरचित्रवाणी केंद्रातून आणखी नऊ भाग परत मिळाल्याचे जाहीर झाले. हे नऊ भाग धरूनही ९७ भाग गहाळच राहिले.

त्यात २९ ऑक्टोबर १९६६ रोजी दाखवलेला एक भाग आहे. त्यात वृद्ध डॉक्टर जमिनीवर कोसळतो आणि त्याचा चेहरा बदलून तो नवा माणूस होतो. नायकाचे काम करणारा नट बदलला तरी मालिका चालू राहू शकते, ही युक्ती त्या दिवशी प्रथम वापरली गेली. तिच्याच जोरावर पुढे अनेक नटांनी ही भूमिका केली. एवढा महत्त्वाचा भाग, पण तो आज नाही! चेहरा बदलतो तेवढा छोटा तुकडा उरला, तोही मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात तो वापरला गेला होता म्हणून.

‘करमणुकीच्या मालिकेचे काय एवढे!’ असे कोणी म्हणेल. तर मग हे पाहा. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला. चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला दहा चित्रे पाठवत होता. पृथ्वीवरचे दूरचित्रवाणी संच अशी चित्रे दाखवू शकत नव्हते. म्हणून ती एका पडद्यावर लावून, त्या पडद्यापुढे दुसरा कॅमेरा ठेवून जगाला दाखवली गेली. चंद्रावरून आलेला मूळ संकेत फितींवर टिपलेला होता आणि तो जगाने पाहिलेल्या चित्रापेक्षा अधिक स्पष्ट होता. अमेरिकेच्या ‘नासा’ने बरीच वर्षे त्या फितींचा शोध घेतला. शेवटी २००९ मध्ये तिला जाहीर करावे लागले, की फितींचा तुटवडा असताना त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. मग निरनिराळ्या केंद्रांनी जपलेल्या प्रक्षेपणाच्या प्रती गोळा करून, त्यांतल्या उत्तम प्रतींवरून चित्र दुरुस्त करण्यात आले. तेव्हा काय मौल्यवान आहे, हे पुसणाऱ्याला त्या क्षणी कळत नसते. चंद्रावरचे पाऊल असो की मुलांची मालिका, पुसताना दोन्ही फिती सारख्याच दिसतात!

धूळ की ठिणगी?

आता दुरुस्तीकडे वळू. सगळ्यांत साधे काम म्हणजे फिल्मवरची धूळ, केस आणि ओरखडे काढणे. फिल्म आधी स्वच्छ करून तिची एकेक चौकट संगणकात घेतात. धुळीचा कण एका चौकटीवर बसलेला असतो. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या चौकटीत तो नसतो. म्हणून शेजारच्या चौकटींतला तेवढाच भाग उचलून त्या जागी बसवता येतो. हे झाले उजेडात धरून आकडे वाचण्यासारखे. पुरावा शेजारीच पडलेला आहे, आपण तो फक्त वापरतो.

पण इथेही सावध राहावे लागते. विज्ञानकथेत किरणबंदुकीतून ठिणग्या उडतात, स्फोट होतात. एखादी ठिणगीसुद्धा एकाच चौकटीपुरती दिसते! संगणकाला धूळ आणि ठिणगी यांतला फरक कसा कळणार? तो बिचारा दोन्ही झाडून टाकील. म्हणून यंत्राने सुचवलेला प्रत्येक बदल माणसाच्या डोळ्यांनी तपासावा लागतो. यंत्र वेगवान आहे, पण शहाणपणा अजून आपल्याकडेच ठेवलेला बरा.

मधले चित्र

दुसरी दुरुस्ती हालचालीची. ती समजण्यासाठी जुने दूरचित्रवाणी चित्र कसे बनत असे हे पाहू. ब्रिटनमध्ये सेकंदाला २५ पूर्ण चित्रे दाखवत. मात्र प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई. आधी १, ३, ५ अशा विषम रेषा आणि मग २, ४, ६ अशा सम रेषा. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रे झाली. प्रत्येक अर्धे चित्र आधीच्या अर्ध्या चित्रानंतर एक पन्नासांश सेकंदाने टिपलेले असे. म्हणून स्टुडिओतल्या दृश्यांची हालचाल अगदी ओघवती दिसे. फिल्मवर प्रत काढताना मात्र दोन अर्धी चित्रे एकाच चौकटीत आली आणि तो ओघ गेला. मूळ कार्यक्रम घरी पाहणाऱ्यांना जसा दिसला होता, तसा तो राहिला नाही.

इंग्लंडमधल्या दुरुस्ती करणाऱ्या गटाने यावर ‘व्हिडफायर’ नावाची पद्धत काढली. २००२ पासून ‘डॉक्टर हू’च्या डीव्हीडींसाठी ती वापरली गेली. संगणक लागोपाठच्या दोन चौकटी ताडून पाहतो, कोणती वस्तू कुठून कुठे सरकली हे शोधतो आणि दोहोंच्या मधले चित्र तयार करतो. पुन्हा सेकंदाला ५० चित्रे होतात आणि हरवलेला ओघ परत येतो.

तुम्ही गणितात आलेख काढता ना? दोन बिंदू माहीत असतील, तर त्यांच्या मधला बिंदू आपण अंदाजाने सांगतो. याला अंतर्वेशन म्हणतात. व्हिडफायर म्हणजे चित्रांचे अंतर्वेशनच. हा अंदाज आहे खरा, पण त्याच्या दोन्ही बाजूंना खऱ्या निरीक्षणांचे खांब आहेत.

या अंदाजाची मर्यादाही करून पाहा. एका वहीच्या कोपऱ्यांवर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या पानावर उजवीकडे सरकणारा चेंडू काढा. दुसरे आणि चौथे पान मित्राला भरायला सांगा. तो अगदी बरोबर भरील. आता असे समजा, की तिसऱ्या आणि पाचव्या पानांच्या मध्ये चेंडू भिंतीवर आपटून परत आला होता. पाचव्या पानावर तो तिसऱ्या पानावरच्याच जागी दिसेल. तुमचा मित्र चौथ्या पानावरही चेंडू तिथेच ठेवील, आणि भिंतीवरची ती टक्कर कुणालाच कधी कळणार नाही! खांब जितके जवळ तितका अंदाज भरवशाचा. खांब दूर गेले, की अंदाज डळमळू लागतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढचे सारे सोपे होईल.

ठिपक्यांत लपलेले रंग

आता सर्वांत नवलाची दुरुस्ती पाहू. १९७० पासून ‘डॉक्टर हू’ रंगीत झाली. पण त्या काळातल्या काही भागांच्या रंगीत फिती पुसल्या गेल्या आणि उरल्या त्या परदेशी विक्रीसाठी काढलेल्या कृष्णधवल फिल्म. रंग कायमचे गेले, असेच सारे समजत होते.

काही भागांच्या बाबतीत नशीब आड आले नाही. १९७१ सालच्या एका कथेच्या पाचपैकी चार भागांचे रंग असे गेलेले होते. पण अमेरिकेतल्या एका प्रेक्षकाने घरच्या यंत्रावर ती कथा रंगीत टिपून ठेवलेली निघाली. तिचे चित्र पुसट होते. मग १९९२ मध्ये तंत्रज्ञांनी युक्ती केली. बारकावे कृष्णधवल फिल्मवरून घेतले आणि रंग घरगुती फितीवरून. दोन्ही एकमेकांवर बसवले. आपला डोळा उजेड-अंधाराचे बारकावे चांगले टिपतो, पण रंगाच्या कडा थोड्या पुसट असल्या तरी त्याला खटकत नाही. म्हणून ही जोडणी सुरेख जमली.

पण जिथे अशी फीतही नव्हती, तिथे काय? १९९४ मध्ये बीबीसीच्या संशोधन विभागातल्या जेम्स इन्सेल यांनी एक कल्पना मांडली. ती समजण्यासाठी रंगीत संकेत कसा जातो हे थोडे पाहू. ब्रिटनमध्ये ‘पॅल’ ही पद्धत होती. १९८२ मध्ये आपले दूरदर्शन रंगीत झाले तेही याच पद्धतीने. यात चित्राचा उजेड-अंधार नेहमीसारखाच पाठवतात आणि रंगाची माहिती सेकंदाला सुमारे ४४ लाख ३३ हजार कंपने करणाऱ्या एका वाहक लहरीवर चढवून त्याच्याबरोबर धाडतात. हा संकेत कृष्णधवल पडद्यावर लावला, तर त्या लहरीमुळे चित्रावर अतिसूक्ष्म ठिपक्यांची जाळी उमटते. फिल्म काढताना ही जाळी चाळणीसारखे मंडल लावून काढून टाकावी, असा संकेत होता. पण अनेकदा ती काढलेली नव्हती. म्हणजे कृष्णधवल फिल्मवर चित्राबरोबर त्या ठिपक्यांचेही चित्रण होऊन बसले होते!

पाहणाऱ्याला तो निव्वळ दोष वाटे. पण ठिपके किती ठळक आहेत यावरून रंग किती गडद हे कळते आणि ते आपल्या जागेपासून किती पुढे-मागे सरकले आहेत यावरून रंग कोणता हे कळते. दोषातच माहिती दडलेली होती! अर्थात ती वाचणे सोपे नव्हते. फिल्म अत्यंत बारकाईने संगणकात घ्यावी लागली. जुन्या पडद्याच्या वक्रतेमुळे चित्र कुठे ताणले, कुठे आक्रसले ते सरळ करावे लागले. शिवाय रंग मोजायला संदर्भ म्हणून जो छोटा संकेत पाठवतात, तो चित्राच्या चौकटीबाहेर असल्यामुळे फिल्मवर आलेलाच नव्हता. तो चित्रावरूनच तर्काने ठरवावा लागला. रिचर्ड रसेल यांनी यासाठी संगणकाचा कार्यक्रम लिहिला. २००८ मध्ये ‘डॅड्‌स आर्मी’ या विनोदी मालिकेचा एक भाग अशा रीतीने रंगीत होऊन बीबीसीवर दाखवला गेला. पुढे ‘डॉक्टर हू’च्या भागांचीही पाळी आली.

१९७१ सालची ‘द माइंड ऑफ ईव्हिल’ ही सहा भागांची कथा २०१३ मध्ये डीव्हीडीवर रंगीत आली. तिच्या दुसऱ्या ते सहाव्या भागांचे रंग ठिपक्यांतून मिळाले. पहिल्या भागाच्या फिल्मवर मात्र उपयोगी पडतील असे ठिपकेच नव्हते. मग एका कलावंताने संगणकावर हाताने त्या भागात रंग भरले. म्हणजे एकाच कथेत पाच भागांचे रंग सापडलेले आणि एका भागाचे भरलेले. पाहताना दोन्ही सुंदरच वाटतात. पण उद्या कोणी विचारले, ‘१९७१ साली त्या नटाचा कोट कोणत्या रंगाचा होता?’ तर पाच भाग साक्ष देऊ शकतात. पहिला भाग देऊ शकत नाही. त्याने स्वतः काही पाहिलेले नाही, त्याला आपण सांगितले आहे.

जे रंग कधी नव्हतेच

यापुढची पायरी २०२३ मध्ये गाठली गेली. मालिकेला साठ वर्षे झाली तेव्हा १९६३-६४ सालची एक सात भागांची कृष्णधवल कथा पूर्ण रंगीत करून, काटछाट करून ७५ मिनिटांत दाखवण्यात आली. मूळ कथा जवळजवळ तीन तासांची. आणि लक्षात घ्या, या कथेचे रंग हरवलेले नव्हते. ते कोणत्याही फितीवर कधी टिपलेच गेले नव्हते. कॅमेरेच कृष्णधवल होते. तिथे ठिपके शोधून काही सापडणार नाही.

मग हे वाईट झाले का? मला तसे वाटत नाही. नव्या मुलांनी जुनी गोष्ट पाहावी म्हणून तिला नवे रूप देणे यात पाप नाही. शिवाय मूळ कृष्णधवल भाग नष्ट केलेले नाहीत. ज्याला हवे तो ते पाहू शकतो. पण या कामाला ‘दुरुस्ती’ म्हणू नये. ते नवे संस्करण आहे. भिंतीचा उडालेला गिलावा पुन्हा लावणे ही दुरुस्ती; भिंतीवर चित्र काढणे ही सजावट. सजावट छान असू शकते, पण तिला गिलावा म्हणून खपवू नये.

याबाबतीत मला कार्टूनपटांचे उदाहरण फार आवडते. गहाळ भागांची चित्रे नाहीत, पण आवाज मात्र सर्व भागांचा उपलब्ध आहे. कसा? १९६० नंतरच्या त्या वर्षांत ब्रिटनमधले काही प्रेक्षक, आणि त्यांत काही शाळकरी मुलेही होती, आपल्या घरी टेपरेकॉर्डरवर मालिकेचा आवाज टिपून ठेवत. मोठमोठ्या कचेऱ्यांनी जे सांभाळले नाही, ते तुमच्या वयाच्या मुलांनी सांभाळले! २००६ पासून या मूळ आवाजावर रेखाटलेली चित्रे जुळवून असे काही भाग डीव्हीडीवर आणले गेले. पाहणाऱ्याला पहिल्याच क्षणी कळते, की आवाज खरा आहे आणि चित्र नवे आहे. फसगत होण्याची शक्यताच नाही. कल्पना वापरली, पण उघडपणे वापरली. प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

आता विरुद्ध बाजूही ऐकू. काही जण म्हणतात, ‘जुन्या मालिकांतली याने खेळण्यासारखी दिसतात. आजच्या मुलांना हसू येते. दुरुस्ती करतोच आहोत, तर ती दृश्ये संगणकाने नवी करून जुनी टाकून का देऊ नयेत?’ हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. कोणी पाहिलेच नाही, तर जपून ठेवलेल्या वस्तूचा उपयोग काय?

पण याला उत्तर आहे, आणि ते प्रत्यक्षात करून दाखवलेले आहे. अमेरिकेतल्या ‘स्टार ट्रेक’ या १९६६ ते १९६९ मधल्या मालिकेची अंतराळातली दृश्ये २००६ पासून संगणकाने नवी केली गेली. पुढे २००९ मध्ये ब्ल्यू-रे तबकड्या निघाल्या, तेव्हा त्यांवर नवी आणि जुनी अशी दोन्ही दृश्ये दिली. पाहणाऱ्याने एक कळ दाबायची आणि हवे ते निवडायचे. ‘डॉक्टर हू’च्या काही डीव्हीडींवरही अशीच सोय आहे. मग भांडण उरतेच कुठे?

शिवाय ज्या याना हसू येते, तीही एक नोंदच आहे. कमी पैशांत, लाकूड आणि पुठ्ठा यांच्या साहाय्याने, माणसाने चंद्रावर पाऊल ठेवण्याआधी लोकांनी अंतराळ कसे कल्पिले होते, याची ती नोंद आहे. तुमच्या पहिलीच्या वहीतले वेडेवाकडे अक्षर आज सुधारून ठेवले, तर तुम्ही लिहायला कसे शिकलात हे कसे कळणार?

मूळ जपले, तर पुढे काय होऊ शकते हेही याच मालिकेच्या पुढच्या पिढीने दाखवले. १९८७ ते १९९४ मधली ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली होती, मात्र तिची जुळणी साध्या चित्रफितीवर केल्यामुळे लोकांनी पाहिले ते पुसट चित्र. पण मूळ फिल्म कोणीतरी सांभाळून ठेवल्या होत्या. २०१२ ते २०१४ मध्ये तबकड्या काढताना त्या फिल्म पुन्हा बाहेर काढून मालिका तुकड्या-तुकड्याने नव्याने जुळवली गेली. जो स्पष्टपणा आला तो संगणकाने कल्पिलेला नव्हता. तो फिल्मवर पहिल्यापासून होता.

तुमच्याशी याचा काय संबंध?

तुम्ही म्हणाल, ‘आम्ही काही मालिकांची दुरुस्ती करत नाही.’ पण थोडा विचार करा. घरात आई-बाबांच्या किंवा काका-आत्याच्या लग्नाची कॅसेट असेल. आजीचा एखादा पुसट फोटो असेल. आज असे संगणकी कार्यक्रम मिळतात, की त्यांना पुसट चेहरा दिला, की ते क्षणात तो लख्ख करून देतात. कसे? त्यांनी लाखो इतर चेहरे पाहिलेले असतात. फोटोत भुवई दिसत नसेल, तर ते एक भुवई काढून देतात. ती भुवई सुबक असते, पण आजीची असेलच असे नाही! इथे दोन जवळचे खांब नाहीत. आहे तो दूरच्या अनोळखी चेहऱ्यांवरून केलेला अंदाज. चित्र छान दिसते म्हणून ते खरे ठरत नाही, आणि आणखी तीस वर्षांनी ‘पणजी अशी दिसायची’ म्हणून तुमची मुले तोच फोटो दाखवतील.

म्हणून माझी सूचना अशी आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक तबकडीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : कोणता भाग मूळ पुराव्यावरून परत मिळवला, कोणता जवळच्या पुराव्यांवरून अंदाजाने भरला आणि कोणता कल्पनेने नवा केला. सापडलेले, अंदाजलेले आणि कल्पिलेले. विज्ञानाचा विद्यार्थी आपल्या वहीत निरीक्षण आणि अनुमान वेगळे लिहितो, त्यातलाच हा प्रकार. यामुळे दुरुस्ती करणाऱ्याचा मान कमी होत नाही, उलट वाढतो.

घरच्या ठेव्यालाही हाच नियम लावा. जुनी कॅसेट असेल, तर जाणकाराकडून तिची संगणकात प्रत करून घ्या. फितीवर बुरशी दिसली, तर ती यंत्रात मुळीच घालू नका. फीतही जाईल आणि यंत्रही. आपल्याकडच्या पावसाळी, दमट हवेत बुरशी लवकर धरते, तेव्हा उशीर करू नका. पहिली प्रत जशी आहे तशीच, डागांसकट, ठिपक्यांसकट ठेवा. सुधारायचे ते दुसऱ्या प्रतीवर सुधारा आणि तिच्या नावातच ‘सुधारलेली’ असे लिहा. प्रत झाली म्हणून मूळ कॅसेट किंवा फोटो फेकू नका. चित्रातली माणसे कोण, प्रसंग कोणता, साल कोणते हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. कारण ती माहिती कोणत्याही संगणकाला ठिपक्यांतून काढता येणार नाही.

आणि डाग दिसला, की लगेच पुसायला धावू नका. त्या कृष्णधवल फिल्मवरचे ठिपके तीस-चाळीस वर्षे सर्वांना निव्वळ दोषच वाटत होते. कुणी फार उत्साहाने ते स्वच्छ करून मूळ फिल्म फेकून दिली असती, तर रंगही त्यांच्याबरोबर कायमचे गेले असते. आज आपल्याला न वाचता येणारी खूण उद्याच्या कुणाला वाचता येईल. तो ‘कुणी’ कदाचित तुमच्यातलाच एखादा असेल. त्याच्यासाठी खूण शिल्लक ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.